विंडोजवरचे पाथ लिनक्सवर नेताना: एका दस्तसाठ्याचे प्रकरण

दस्त स्कॅन करून साठवणारे एक सॉफ्टवेअर आहे. खरेदीखते, फेरफार, सातबाराचे उतारे, मृत्युपत्रे असे कागद स्कॅनरवरून येतात, एक सर्व्हिस ते उचलते, पाने जोडून पीडीएफ बनवते, योग्य फोल्डरात ठेवते आणि डेटाबेसमध्ये नोंद करते. रोज रात्री त्याची झिप तयार होते. हे सगळे डॉटनेट फ्रेमवर्क ४.५ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्मवर, विंडोज सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर चालते. ते डॉटनेट ८ वर आणून लिनक्सवर, ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवर) चालवायचे आहे. मांडणी प्रातिनिधिक आहे, पण तिच्यातला प्रत्येक बिघाड खरा आहे आणि कोणत्याही चाचणीच्या यंत्रावर करून पाहता येतो. नमुन्याचे पाथ आणि आकडे इथे देवनागरीत दिले आहेत. डिस्कवर एक्स्टेन्शन आणि फोल्डरांची नावे अर्थात रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी असतात.

अशा कामात पहिल्या दिवशी सगळे जण एकच गोष्ट करतात: कोडमध्ये बॅकस्लॅश शोधतात आणि हाताने जोडलेले पाथ (फाइलींचे पत्ते) पाथ.कम्बाइन या डॉटनेटच्या फंक्शनने जोडायला घेतात. ते करायलाच हवे. डॉस २.० मध्ये, १९८३ साली, फोल्डर आले तेव्हा कमांडच्या पर्यायांसाठी स्लॅश आधीच वापरात होता, म्हणून फोल्डरांसाठी बॅकस्लॅश घेतला गेला. त्या निर्णयाचे ओझे आजही आपल्या कोडमध्ये आहे. पण हे काम दोन-तीन दिवसांचे असते. कोड बिल्ड होतो, पहिला दस्त साठवला जातो आणि पोर्टिंग, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमवर नेण्याचे काम, झाल्यासारखे वाटते. खरी अडचण कोडमध्ये नसतेच. ती डेटाबेसमधल्या पाथच्या कॉलममध्ये, जुन्या झिपमध्ये, कॉन्फिग फाइलमध्ये आणि माणसांनी वर्षानुवर्षे फाइलींना दिलेल्या नावांत असते.

पाथच्या कॉलमपासून सुरुवात करू. जुना कोड मुळाचा फोल्डर आणि डेटाबेसमधला पाथ पाथ.कम्बाइनला देत होता. या फंक्शनचा नियम असा की दुसरा भाग पूर्ण पाथ असेल तर पहिला भाग सोडून दिला जातो. त्यामुळे काही ओळींत ‘साठा\२०१६\...’ असा अर्धा पाथ आणि काहींत ‘डी:\दस्त\साठा\२०१६\...’ असा पूर्ण पाथ असला, तरी विंडोजवर दोन्ही चालत होते. ही सरमिसळ कोणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते. लिनक्सवर मात्र पूर्ण पाथ म्हणजे स्लॅशने सुरू होणारा पाथ. ‘डी:’ ला तिथे काही अर्थ नाही आणि बॅकस्लॅश हे फाइलच्या नावात चालणारे एक साधे चिन्ह आहे. म्हणून जोडून येणारा पाथ असा होतो:

/व्हार/लिब/दस्त/डी:\दस्त\साठा\२०१६\खरेदीखत.पीडीएफ

वाचताना फाइल सापडत नाही, म्हणजे निदान चूक कळते. लिहिताना मात्र कसलीच चूक येत नाही. दस्त नावाच्या फोल्डरात ‘डी:\दस्त\साठा\२०१६\खरेदीखत.पीडीएफ’ एवढ्या लांब नावाची एकच फाइल तयार होते, आणि पुढच्या वेळी त्याच पाथने शोधली की सापडतेही. प्रोग्रॅमच्या दृष्टीने सगळे सुरळीत असते. बिघाड कळतो तो बॅकअप परत टाकायची वेळ आली की. म्हणून चाचणीच्या सर्व्हरवर रोज एकदा फाइंड कमांडने नावात बॅकस्लॅश असलेल्या फाइली शोधाव्यात. कमांडला नमुना एकेरी अवतरणात द्यावा आणि बॅकस्लॅश दोनदा लिहावा, कारण एकटा बॅकस्लॅश तिथे पुढच्या चिन्हाचा विशेष अर्थ काढून टाकतो. उत्तर शून्य यायला हवे.

याच कारणाने पाथ.गेटफाइलनेम लिनक्सवर ‘साठा\२०१६\खरेदीखत.पीडीएफ’ मधून फक्त शेवटचे नाव काढून देत नाही, अख्खी ओळ परत देते. स्क्रीनवर दस्ताच्या नावाऐवजी पूर्ण पाथ दिसू लागला तर समजावे की बॅकस्लॅश डेटामधून येतो आहे, कोडमधून नाही.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, त्यामुळे मराठी नावे या त्रासातून सुटतील असे वाटते. पण एक्स्टेन्शन रोमन असते. काही स्कॅनर ते कॅपिटल अक्षरांत लिहितात, काही स्मॉलमध्ये. सर्व्हिस ‘*.पीडीएफ’ असा स्मॉल नमुना देऊन फाइली शोधत असेल, तर विंडोजवर दोन्ही मिळतात आणि लिनक्सवर फक्त स्मॉल. आवक फोल्डरात कॅपिटल एक्स्टेन्शनच्या फाइली साचत राहतात, लॉगमध्ये एक ओळही येत नाही. डॉटनेटमध्ये एन्युमरेशनऑप्शन्स वापरून मॅचकेसिंग ‘केस इनसेन्सिटिव्ह’ ठेवता येते. तसे करावे आणि फाइल उचलल्यावर एक्स्टेन्शन स्मॉल करूनच साठवावे. डेटाबेसमध्ये मात्र एका सुधारणेने भागत नाही. डेटाबेसचे कोलेशन (अक्षरे जुळवण्याचे नियम) कॅपिटल-स्मॉल एकच मानत असेल तर शोधलेली ओळ मिळते, पण तिच्यातले स्पेलिंग डिस्कवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळेलच असे नाही. विंडोजने ते आजवर चालवून घेतले. तिथे डिस्कवरचे नाव प्रमाण धरावे आणि ओळ दुरुस्त करावी, उलटे नको.

ईएक्सटी४ मध्ये फोल्डरपुरता हा भेद बंद करता येतो, लिनक्स ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, ती सोय आहे. फाइल सिस्टिममध्ये ती आधी चालू असावी लागते आणि फोल्डर रिकामे असतानाच खूण लावता येते. या प्रकरणात ती वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तिने चूक झाकली जाते, आणि उद्या साठा दुसऱ्या डिस्कवर किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजवर नेला की तीच चूक पुन्हा वर येते.

आता सर्वांत धोकादायक बिघाड. त्यात फाइल हरवत नाही, एररही येत नाही. स्कॅनर एका दस्ताची पाने वेगवेगळ्या चित्रांच्या रूपात एका फोल्डरात टाकतो आणि सर्व्हिस डिरेक्टरी.गेटफाइल्सने ती घेऊन, मिळतील त्या क्रमाने पीडीएफमध्ये जोडते. एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम फोल्डरची सूची नावाच्या क्रमाने लावून ठेवते, म्हणून पाने नेहमी क्रमाने येत गेली. ईएक्सटी४ वर सूची नावाच्या हॅशच्या (नावावरून गणिताने काढलेल्या आकड्याच्या) क्रमाने येते. खरेदीखताचे तिसरे पान पहिले, पहिले पान पाचवे, असा दस्त तयार होतो आणि तसाच साठवला जातो. क्रमाची हमी त्या फंक्शनने कधीच दिलेली नव्हती. उपाय एका ओळीचा आहे: नावातला पानाचा आकडा काढून, त्याला संख्या मानून क्रम लावायचा. नुसता अक्षरांचा क्रम लावला तर ‘पान १०’ हे ‘पान २’ च्या आधी येते. पोर्टिंगच्या चाचणीत किमान बारा पानांचा एक दस्त हवाच, तो यासाठी.

मराठी नावांचा प्रश्न वेगळाच आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तो सहसा सापडत नाही. एनटीएफएसवर एका नावाची मर्यादा यूटीएफ-१६ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या २५५ एककांची आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्यात एक एकक. ईएक्सटी४ वर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘खरेदीखत’ म्हणजे सात चिन्हे, २१ बाइट. एक्स्टेन्शनचे चार बाइट वजा केले तर शुद्ध देवनागरी नावाला ८३ चिन्हे उरतात. गाव, तालुका, गट क्रमांक, खरेदी देणार, खरेदी घेणार आणि तारीख असे सगळे नावात घालण्याची सवय असलेल्या कार्यालयात शंभर-सव्वाशे चिन्हांची नावे सर्रास असतात. विंडोजवर ती बिनतक्रार चालतात. लिनक्सवर फाइल बनवतानाच ‘नाव फार लांब’ अशी ३६ क्रमांकाची एरर येते. फोल्डर ईक्रिप्टएफएसने एन्क्रिप्ट केलेला असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे एक्स्टेन्शन वजा जाता जेमतेम ४६ देवनागरी चिन्हे. पूर्ण पाथच्या बाबतीत परिस्थिती उलटी आहे: विंडोजची जुनी मर्यादा २६० आणि लिनक्सची ४०९६ बाइट, म्हणून पाथची लांबी तपासून निश्चिंत होणारे नावाची लांबी तपासायचे राहून जातात.

दुसरे दुखणे दिसायला सारख्या नावांचे. ‘कऱ्हाड’ तीन प्रकारे लिहिलेले सापडते: ऱ या एका चिन्हाने, र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनी, किंवा र, पाय मोडण्याची खूण आणि झेडडब्ल्यूजे नावाचे न दिसणारे चिन्ह घालून. पहिल्यात सहा चिन्हे आहेत, बाकी दोन्हींत सात. पडद्यावर फरक दिसत नाही, पण फाइल सिस्टिमच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावे आहेत. दुसरा प्रकार बहुधा जुन्या मॅकवरून आलेल्या फाइलींत मिळतो, कारण एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावे सुटी करून साठवत असे. युनिकोडचे एनएफसी रूप (सुटी चिन्हे जमेल तिथे जोडलेले) केले की पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही. ‘ॲड.’ चेही असेच. ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आले. त्याआधीचे टायपिंग अ आणि वर चंद्र, कधी मध्ये झेडडब्ल्यूजे, असे आहे. एनएफसी यांना एक करत नाही. वकिलांच्या फाइलींत हा शब्द किती वेळा येतो ते वेगळे सांगायला नको.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सफाईच्या उत्साहात डेटाबेसमधल्या पाथच्या कॉलमवर एनएफसी चालवणे. डिस्कवरचे नाव र आणि नुक्ता असेच राहते, डेटाबेसमध्ये ऱ होतो, आणि आजवर सापडणारी फाइल सापडेनाशी होते. विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे ती सापडणार नाही, तरी दोष मात्र पोर्टिंगला लागतो. पाथ हा बाइटन् बाइट जसाच्या तसा ठेवायचा. नॉर्मलायझेशन करायचे ते माणसाने शोधण्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या कॉलमवर, आणि तिथे झेडडब्ल्यूजे काढणे, र्‍ चा ऱ्, अॅ चा ॲ करणे हे आपल्या हाताने लिहावे लागते. त्यात ऱ् चा बदल झेडडब्ल्यूजे काढण्याच्या आधी करायचा.

फोल्डर कुठे आहेत हाही एक भाग. जुना कोड कॉन्फिग ठेवण्यासाठी कॉमनॲप्लिकेशनडेटा हे खास फोल्डर मागतो. विंडोजवर ते प्रोग्रॅमडेटा असते, लिनक्सवरचे डॉटनेट ‘/यूएसआर/शेअर’ देते, आणि तिथे सर्व्हिसच्या यूजरला लिहिता येत नाही. ही चूक निदान दिसते. लोकलॲप्लिकेशनडेटा मागितले आणि त्या यूजरचे ते फोल्डर अस्तित्वात नसले, तर रिकामी ओळ परत येते, ती पाथ.कम्बाइनमध्ये गेली की उरतो फक्त सापेक्ष, म्हणजे मुळापासून न सुरू होणारा पाथ, आणि तो सर्व्हिसच्या चालू फोल्डरवर अवलंबून. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसचा चालू फोल्डर सांगितला नाही तर तो मुळातला ‘/’ असतो. म्हणून खास फोल्डरांवर विसंबू नये. सिस्टिमडीच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) स्टेटडिरेक्टरी लिहिली की ‘/व्हार/लिब’ खाली योग्य मालकीचा फोल्डर आपोआप बनतो. साठ्याचे मूळ कॉन्फिगमध्ये पूर्ण पाथ म्हणून द्यावे, आणि ते स्लॅशने सुरू होत नसेल तर सर्व्हिसने सुरू होण्यास नकार द्यावा.

ड्राइव्हचे अक्षर गेले की आणखी एक संरक्षण जाते. विंडोजवर डी ड्राइव्ह जोडलेली नसेल तर पाथच मिळत नाही, काम थांबते. लिनक्सवर साठ्याची डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे तिच्या फोल्डरशी जोडली गेली नाही, तरी माउंटचा फोल्डर रिकामा का होईना असतोच. सर्व्हिस त्यात दस्त लिहित राहते, म्हणजे प्रत्यक्षात सिस्टिमच्या डिस्कवर. मग डिस्क माउंट होते आणि ते दस्त तिच्याखाली झाकले जातात. तीन गोष्टी कराव्यात: युनिट फाइलमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर लिहावे, माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडने अपरिवर्तनीय करावे, आणि खऱ्या डिस्कच्या मुळाशी एक खुणेची फाइल ठेवून सर्व्हिसने सुरू होताना ती तपासावी.

तात्पुरत्या फाइलींसाठी पाथ.गेटटेम्पपाथ ‘/टीएमपी’ देते. कित्येक वितरणांत ती मेमरीत असते, म्हणजे साठ्यापेक्षा वेगळी फाइल सिस्टिम. तिथून साठ्यात फाइल.मूव्ह केले तर ते नाव बदलणे राहत नाही. कॉपी करून मूळ पुसणे होते, आणि मध्येच वीज गेली तर अर्धी फाइल मागे राहते. साठ्याच्या मुळातच ‘तात्पुरते’ असे फोल्डर ठेवले की हा प्रश्न मिटतो. स्कॅनर अजून लिहीत असतानाच फाइल उचलली जाणे हाही त्याच जातीचा बिघाड आहे: विंडोजवर दुसऱ्याने उघडलेली फाइल मिळत नसे, लिनक्सवरची कुलुपे ऐच्छिक असतात. फाइलचा आकार काही सेकंद स्थिर आहे हे पाहून मगच ती घ्यावी.

जुन्या झिपकडे फार वेळ द्यायची गरज नाही, पण कारण माहीत हवे. झिपच्या नियमाप्रमाणे आतल्या नावांत स्लॅश हवा. डॉटनेट फ्रेमवर्क ४.६.१ च्या आधीचे झिपफाइल बॅकस्लॅश लिहीत असे. अशी झिप लिनक्सवर डॉटनेटने उघडली की पुन्हा लांब नावाच्या फाइलींचा ढीग. उघडताना प्रत्येक नावातला बॅकस्लॅश स्लॅश करावा, मग पाथ.गेटफुलपाथने पूर्ण पाथ काढावा आणि तो ठरलेल्या फोल्डराच्या आतच आहे ना ते पाहावे. तपासणी याच क्रमाने हवी. आधी तपासून मग बॅकस्लॅश बदलला तर ‘..\..\’ ने सुरू होणारे नाव तपासणीतून निसटते.

एवढे सगळे पाहिल्यावर या प्रकरणातला निर्णय सोपा होतो: माणसाने दिलेले नाव डिस्कवर ठेवायचेच नाही. डेटाबेसमध्ये मूळ नाव जसेच्या तसे एका कॉलममध्ये, शोधाचे नाव दुसऱ्यात, आणि डिस्कवर फक्त नोंदीचा क्रमांक. १२३४५६७ क्रमांकाचा दस्त असा:

००१२३४/०००१२३४५६७.पीडीएफ

हजारने भागून येणारा आकडा हा फोल्डर, म्हणजे एका फोल्डरात हजारापेक्षा जास्त फाइली नाहीत. डेटाबेसमधला पाथ कायम सापेक्ष, कायम स्लॅशचा. विंडोजही स्लॅश स्वीकारते, अपवाद फक्त ‘\\?\’ ने सुरू होणाऱ्या पाथचा.

हे रूपांतर जुना विंडोज सर्व्हर जिवंत असताना, त्याच्यावरच करायचे. लिनक्सवर आणून मग नावे सुधारू असे ठरवले तर लांब नावाच्या फाइली वाटेतच अडतात. रूपांतराचे साधन डॉटनेट ८ मध्ये लिहावे, म्हणजे २६० पेक्षा लांब पाथही कुठलीही सेटिंग न बदलता उघडतात. क्रम असा:

१. सर्व्हिस बंद करून डेटाबेसची प्रत घ्यावी. साठ्यातल्या प्रत्येक फाइलीचा पूर्ण पाथ, आकार आणि शा-२५६ हॅश यांची यादी करावी.

२. पाथच्या कॉलममध्ये सुरुवातीचे किती प्रकार आहेत ते मोजावे. ‘डी:\दस्त\’, ‘डी:/दस्त/’, ‘\\सर्व्हर\दस्त\’, कोणीतरी जोडलेली ‘झेड:\’ आणि अर्धे पाथ एवढे तरी निघतातच.

३. विंडोजने आपोआप बनवलेली, ‘~१’ असलेली आखूड नावे गेटलाँगपाथनेमने पूर्ण करून घ्यावीत. लिनक्सवर त्यांचे मूळ नाव सांगणारे कोणी नसते, म्हणून ही पायरी मागे ठेवता येत नाही.

४. सुरुवात कापताना कॅपिटल-स्मॉल न पाहता जुळवावे, सर्वांत लांब सुरुवात आधी, आणि जुळणी स्लॅशवरच संपायला हवी. नाहीतर ‘डी:\दस्त’ हा ‘डी:\दस्तजुने’ लाही लागू होतो.

५. प्रत्येक ओळीची फाइल नव्या झाडात (फोल्डरांच्या नव्या मांडणीत) क्रमांकाच्या नावाने कॉपी करावी, हॅश पडताळावा आणि मगच नवा पाथ नव्या कॉलममध्ये लिहावा. जुना कॉलम पुसू नये.

६. शेवटी दोन याद्या काढाव्यात: फाइल नसलेल्या ओळी आणि ओळ नसलेल्या फाइली. दुसरी यादी मोठी निघाली तर घाबरू नये, स्कॅनरच्या उरलेल्या फाइली तिच्यात असतात. पण प्रत्येकीचा निर्णय माणसाने घ्यावा.

नवे झाड लिनक्सवर नेताना नावांत फक्त इंग्रजी आकडे, स्लॅश आणि एक्स्टेन्शन असल्याने काही अडत नाही. पोहोचल्यावर हॅश पुन्हा मोजून पाचव्या पायरीत पडताळलेल्या हॅशशी जुळवावेत.

दस्त डाउनलोड करताना यूजरला मूळ मराठी नावच द्यायचे, आणि तो बहुधा विंडोजवर बसलेला असतो. पाथ.गेटइनव्हॅलिडफाइलनेमकॅर्स लिनक्सवर फक्त स्लॅश आणि शून्य बाइट अशी दोनच चिन्हे सांगते. तिच्यावर विसंबले तर ‘गट ११२:२’ किंवा ‘७|१२’ अशी नावे बाहेर जातात आणि विंडोजवर जतन होत नाहीत. म्हणून निषिद्ध चिन्हांची यादी स्वतः ठेवावी: < > : " / \ | ? * आणि पहिली बत्तीस नियंत्रण चिन्हे. शेवटचा टिंब आणि शेवटची मोकळी जागा काढावी. कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम१ ते ९ आणि एलपीटी१ ते ९ ही रोमन नावे एकटी किंवा नुसत्या एक्स्टेन्शनसह आली तर नावाच्या सुरुवातीला अधोरेषा जोडावी.

चाचण्या दोन्ही सिस्टिमवर चालाव्यात. विंडोजवर काम करणाऱ्याला कॅपिटल-स्मॉलची चूक तिथेच पकडायची असेल तर विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून एफएसयूटिल कमांडने एखादा फोल्डर लिनक्ससारखा करता येतो. चाचणीच्या संचात कऱ्हाडचे तिन्ही प्रकार, ‘ॲड.’ चे तिन्ही प्रकार, ८३, ८४ आणि १२० चिन्हांची नावे, कॅपिटल एक्स्टेन्शन, बारा पानांचा दस्त, बॅकस्लॅशची जुनी झिप आणि माउंट न केलेली डिस्क एवढे असावे.